खण सरकारी की खासगी

आमच्या सोसायटीचं झेंडावंदन सकाळी आठला सुरू होतं आणि आठ सतराला संपतं. मी सेक्रेटरी झालो तेव्हापासूनचं हे वेळापत्रक आहे आणि त्याची नोंदवही माझ्याकडे आहे. त्याआधी झेंडावंदन कधी संपेल हे बी विंगमधल्या एका माणसावर अवलंबून असे, कारण माईक त्या माणसाच्या हातात असे.

त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. तहसील कचेरीत अव्वल कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. ते त्या पदावरून निवृत्त झाले, पण पद काही त्यांच्या अंगावरून उतरलं नाही. नोकरी संपल्यावर ते आचोळ्याला आमच्या इमारतीत राहायला आले, त्याला अठरा वर्षं झाली होती. बारीक अंग, पांढरा हाफ शर्ट, खिशाला तीन पेनं आणि एक तांबडी-निळी पेन्सिल. तीनपैकी एक पेन हिरव्या शाईचं होतं आणि ते त्यांनी कधी उघडलं नाही. हिरवी शाई वरच्या साहेबांची. पगार बंद होऊन अठरा वर्षं झाली तरी त्यांनी ही मर्यादा पाळली.

घरातही कचेरी चालू होती. फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लावलेला असे. त्यावर भाऊसाहेब लिहीत, ‘दूध अर्धा लिटर कमी आले. आदेशार्थ सादर.’ त्याखाली काकूंच्या अक्षरात शेरा असे, ‘चहा कोरा प्यावा.’ यावर भाऊसाहेबांची सही, ‘पाहिले.’ हा कागद मी स्वतः वाचला आहे, म्हणून सांगतो.

सोसायटीत कोणी काही सांगितलं की ते विचारत, “मूळ कागद कुठाय?” पाणी दोन दिवस येणार नाही म्हटलं तरी हेच. लिफ्टचा माणूस उद्या येतो म्हणाला तरी हेच.

झेंडावंदनाच्या भाषणाचा त्यांचा विषय कधी बदलला नाही. राष्ट्रीय गीताचा उगम आणि ते लिहिणारे बंगाली ग्रंथकार. सुरुवातही ठरलेली. “विषय, राष्ट्रीय गीताच्या उगमाबाबत. संदर्भ, गेल्या वर्षीचं माझं भाषण.” मग परिच्छेद एक, परिच्छेद दोन, असे आकडे तोंडाने सांगत ते पुढे जात. समोर उन्हात मुलं उभी, टेबलावर बिस्किटांचे पुडे. एका वर्षी परिच्छेद सहा चालू असताना सात मुलं खाली बसली. मी मोजली होती.

देशातले बाकीचे लोक त्या ग्रंथकारांना कादंबरीकार म्हणून ओळखतात, देशभक्त म्हणून हात जोडतात. भाऊसाहेब त्यांना ‘साहेब’ म्हणत. कारण ते गृहस्थ इंग्रजांच्या नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. “म्हणजे आमच्याच खात्यातले,” भाऊसाहेब सांगत, आणि हे सांगताना त्यांचा शर्ट छातीवर किंचित ताठ होई. साहेबांनी कादंबऱ्या लिहिल्या ही त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळातली गोष्ट होती.

गीताबद्दल एक गोष्ट सांगतात. साहेब एक मासिक चालवत. छपाईचं काम पाहणारा माणूस एकदा त्यांच्याकडे आला. पान भरायला थोडा मजकूर कमी पडत होता. टेबलावर हे गीत लिहिलेला कागद होता. तो पाहून माणूस म्हणाला, हे चालून जाईल. साहेबांना ते रुचलं नाही. त्यांनी कागद उचलला आणि खणात टाकला. पुढे बऱ्याच वर्षांनी ते गीत कादंबरीत आलं आणि मग सगळ्या देशाच्या तोंडी झालं.

ही गोष्ट ऐकून कोणाचे डोळे भरून येतात, कोणाला अभिमान वाटतो. भाऊसाहेबांना प्रश्न पडत असे, तो खण सरकारी होता की खासगी?

“ऑफिसच्या टेबलाचा खण असेल तर कागद सरकारी झाला,” ते मला जिन्यात थांबवून समजावत. “मग नोंद पाहिजे. आवक क्रमांक पाहिजे. घरच्या टेबलाचा असेल तर साहेब सुटले. पण त्या दिवशी ते रजेवर होते का, ते बघावं लागेल.”

“भाऊसाहेब, गाणं महत्त्वाचं की खण?”

“गाणं सगळे म्हणतात हो. खणाचं कोणी बघत नाही.”

यासाठी त्यांनी कोलकात्याच्या एका दप्तरखान्याला माहितीच्या अधिकारात अर्ज केला. गीत लिहिले त्या दिवशी साहेब रजेवर होते काय. असल्यास रजेचा प्रकार. खण सरकारी की खासगी. लेखनास पूर्वपरवानगी घेतली होती काय, असल्यास प्रत मिळावी. चार महिन्यांनी उत्तर आलं ते बंगालीत. भाऊसाहेब ते घेऊन माणिकपूरला गेले. तिथल्या एका मिठाईच्या दुकानात बंगाली कारागीर होता. त्याने हात पुसले, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, “दादा, इसमें लिखा है, आपका चिट्ठी मराठी में है, हम लोग को समझ नहीं आया.” भाऊसाहेबांनी वाचनाची फी म्हणून पाव किलो संदेश घेतला आणि पत्र फाइलला लावलं. पुढे इंग्रजीतून स्मरणपत्रं गेली. पहिलं, दुसरं, तिसरं. नवव्यापर्यंत मला माहीत आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर देशभक्ती सकाळी सहाला सुरू होते. एकदा आमच्या चेअरमननी कुठला तरी मेसेज पुढे ढकलला की हे गीत ग्रंथकारांनी तुरुंगाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं. चेअरमन डी विंगला चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट तेव्हा बंद होती. भाऊसाहेब चार जिने चढून गेले आणि दारातच म्हणाले, “साहेब तुरुंगात नव्हते. तुरुंगात पाठवणाऱ्या खात्यात होते.” पाणीही न पिता खाली आले.

चेअरमन तेव्हापासून त्यांच्यावर खार खाऊन होते.

गेल्या वर्षी गीताला दीडशे वर्षं पूर्ण झाली आणि सगळीकडे सामूहिक गायन ठरलं, तेव्हा आमच्या कमिटीनेही दिवाळीनंतरचा एक रविवार धरला. भाऊसाहेबांचं पहिलं म्हणणं, दीडशे कुठून मोजली? “लिहिलं तो दिवस धरला की छापलं तो? जमिनीचा ताबा एका तारखेला मिळतो आणि सातबारावर नाव दुसऱ्या तारखेला लागतं. दोन्ही एक नव्हेत.” आकड्यांच्या बाबतीत मला हे पटण्यासारखं होतं, पण मी सेक्रेटरी होतो. 

मग सभेत चेअरमन म्हणाले, “गाणं पूर्ण झालं पाहिजे, सगळी कडवी. अर्धवट म्हणणाऱ्यांना देशाची लाज वाटते की काय?” टाळ्या पडल्या. भाऊसाहेब मागच्या खुर्चीवरून उठले.

“चेअरमनसाहेब, तिसरं कडवं म्हणून दाखवा.”

“आता? इथे?”

“दुसरं म्हणा मग.”

चेअरमननी मोबाइल काढला. भाऊसाहेब एकेका टाळी वाजवणाऱ्याकडे वळून हाच प्रश्न विचारत गेले. अकरा जणांना विचारलं. दुसऱ्या कडव्याच्या पुढे एकही गेला नाही. मग त्यांनी स्वतः सगळं गीत म्हटलं, चाल न लावता, सातबारा वाचावा तसं, आणि खाली बसले. चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, “सेक्रेटरी, प्रोग्रामला याला जास्त बोलू द्यायचं नाही हां. पाच मिनिटं. आणि तुम्ही जाऊन सांगायचं, मी नाही.”

म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. काकू स्वयंपाकघरात काहीतरी परतत होत्या. भाऊसाहेबांनी पाच मिनिटांची गोष्ट शांतपणे ऐकली आणि गीताची फाइल माझ्यापुढे ठेवली. “तुम्ही आकड्यांतले आहात. पानांचे क्रमांक एकदा तपासून द्या. एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेली नाही.”

मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो, त्यामुळे अशा कामाला नाही म्हणता येत नाही. सरकारी फाइलीत सगळ्यात जुना कागद तळाला असतो आणि तो पान एक. मी तळापासून सुरुवात केली. पहिला कागद कोलकात्याचा अर्ज होता आणि त्याच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने पाच लिहिलं होतं. शेवटचा दोनशे बारा.

“भाऊसाहेब, एक ते चार कुठे?”

“ते प्रशासकीय आहेत.”

“पण याच फाइलीचे ना? सूचीत जागा सोडलीय.”

आतून काकूंचा आवाज आला. “द्या ना त्यांना. त्यांची मोजणी अडली असेल.”

भाऊसाहेब उठले, कपाटातून एक खाकी लिफाफा काढून आणला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवला.

पान एक ही कारणे दाखवा नोटीस होती, चाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा भाऊसाहेब कनिष्ठ लिपिक होते, आपला जिल्हा अजून ठाणे होता. खाडीलगतच्या एका गावात उधाणाच्या पाण्याने बांध फुटला आणि भातशेतीत खारं पाणी शिरलं. त्या गावच्या शाळेत झेंडावंदनाला कचेरीतर्फे या लिपिकाला पाठवलं. लिपिकाने तिथल्या मुलांसाठी भूमीचं एक गीत लिहून नेलं, आठ कडव्यांचं, आणि मुलांनी ते म्हटलं. नोटिशीत आरोप दोन. एक, शासनावर टीका करणारे लेखन पूर्वपरवानगीशिवाय केले. दोन, त्याच्या चाळीस प्रती कचेरीच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, कचेरीच्या कागदावर काढल्या. पुरावा म्हणून दोन ओळी तांबड्या शाईने उतरवल्या होत्या.

बांध फुटला, पानी आलं, खारट झाली शेती,
पंचनामा येईल म्हणून वाट पाहते माती.

“पानी?” मी विचारलं.

“तिकडची मुलं तसंच म्हणतात. मी मुलांसाठी लिहिलं होतं.”

पान दोन हा त्यांचा खुलासा. ‘सदर गीत मी मागे घेत आहे. यापुढे गीत लिहिणार नाही.’ मी आयुष्यात मागे घेतलेले पुष्कळ दावे पाहिले आहेत, गीत मागे घेतलेलं पहिल्यांदाच पाहिलं आणि मला हसू आलं. ते मी लपवलं नाही, हेही नोंदवतो.

“मागे घेतलं म्हणजे नेमकं काय केलंत?”

“शाळेत गेलो. मुलांना रांगेत उभं करून प्रती परत घेतल्या. एकोणचाळीस मिळाल्या. त्या आणि माझा हाताने लिहिलेला मूळ कागद कचेरीत जमा केला. पान तीनवर यादी आहे.”

यादीखाली शेरा होता, ‘एक प्रत अप्राप्त.’

“चाळिसावी?”

“कोणा मुलीकडून हरवली असणार.” कढईवरचं झाकण वाजलं. भाऊसाहेब पुढे म्हणाले, “पान चारला समज दिल्याचा आदेश आहे. नोकरी वाचली.”

मग ते खुर्चीत मागे टेकले आणि अठरा वर्षांच्या भाषणांत जे बोलले नव्हते ते बोलले. “सेक्रेटरी, साहेबांनी परवानगी घेतली असेल तर मी माफी मागितली ती बरोबर. त्यांनीही घेतली, मी घेतली नाही, चूक माझी. पण घेतलेली नसेल तर? इंग्रजांची नोकरी, आणि विचारलं नाही. मग मी कशाला घाबरलो? म्हणून मूळ कागद पाहिजे.”

“आणि तुमचं गीत?”

“सहा कडवी आठवतात. दोन गेली.”

म्हणजे भाऊसाहेबांच्या गीताच्या दोनच ओळी कागदावर उरल्या होत्या आणि त्याही आरोप म्हणून. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. लक्षात येणं आणि उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण दोनच दिवसांनी ते माझ्या दारात अर्ज घेऊन आले. विषय, दिलेल्या पाच मिनिटांत स्वरचित गीत वाचण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत काही नाही.

“साहेबांच्या दिवशी वाचलं तर बरं,” ते म्हणाले. “यावेळी आधी विचारून.”

मी चेअरमनना फोन लावला. ते म्हणाले, “देशाचं गाणं आणि याचं गाणं एकाच माइकवर? लोक हसतील. तुम्ही बघा काय ते, मला त्यात घेऊ नका.” कार्यक्रमपत्रिका छापून आली होती. तिच्यात ‘गीताचा इतिहास, पाच मिनिटे’ असं होतं. स्वरचित गीत हा वेगळा विषय. मी नियमाप्रमाणे विचार केला. भाऊसाहेबांनी खिशातलं हिरवं पेन काढून माझ्या हातात दिलं. “मंजुरी असो, नामंजुरी असो, वरचा शेरा हिरव्या शाईत लागतो.” मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी हिरव्या शाईत लिहिलं, ‘पत्रिका अंतिम झाली असल्याने परवानगी देता येत नाही. प्रजासत्ताकदिनी विचार करू.’ खाली सही.

त्यांनी वाचलं, घडी केली. “कारण दिलंत, चांगलं केलंत. पेन असू द्या तुमच्याकडे.”

त्या रविवारी सगळ्यांच्या हातात छापील कागद होते आणि भाऊसाहेबांचे हात मोकळे होते. चेअरमन तिसऱ्या कडव्याला चुकून पहिल्यावर गेले आणि अर्धी डी विंग त्यांच्यामागे गेली. मी इतिहासासाठी भाऊसाहेबांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी आले आणि म्हणाले, “मूळ कागद मिळालेला नाही. सबब माझं म्हणणं काही नाही.” आणि जाऊन बसले. बारा सेकंद. कार्यक्रम ठरल्यापेक्षा पाच मिनिटं आधी संपला, आणि चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली.

डिसेंबरात भाऊसाहेब गेले. झोपेतच. सकाळी फ्रिजवरच्या कागदावर आदल्या दिवशीचं ‘गूळ संपला. सादर’ तसंच होतं.

तेराव्यानंतर मी काकूंकडे गेलो. त्यांनी फाइल पुढे केली. “तुमच्या ताब्यात द्यायला सांगितलं होतं.” मी सवयीने सगळ्यात वरचं, शेवटचं पान बघितलं. दोनशे तेरा. माझा हिरवा शेरा. टॅग लावून, कोपऱ्यात तांबडा क्रमांक घालून, नीट. सूचीत त्यापुढे त्यांच्या अक्षरात होतं, ‘परवानगी नाकारली. कारण योग्य.’

लिफाफ्यातली चार पानंही आता तळाला लावलेली होती. एका टोकाला तहसील कचेरीची नोटीस, दुसऱ्या टोकाला मी. पानांचा क्रम बरोबर होता, त्यात चूक काढता येईना.

काकू आत गेल्या आणि ओट्याखालचा खण उघडून परत आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पिवळा कागद होता. सायक्लोस्टाइलची फिकी जांभळी अक्षरं, आठही कडवी.

“चाळिसावी,” मी म्हणालो.

“हो. वाटायच्या आधीच मी एक काढून ठेवली होती. त्यांनी मोजल्या नव्हत्या, बंडल तसंच नेलं. कोणा मुलीचं नाव उगीच खराब झालं.”

“काकू, चाळीस वर्षं तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर जमा करून आले असते.” त्या स्टुलावर बसल्या. “तुमच्याकडे अर्ज घेऊन गेले त्या दिवशी बाहेर काढून ठेवली होती. म्हटलं, परवानगी घेऊन येतील तेव्हा हातात द्यावी. मग परत आत ठेवली.”

काकूंनी खणाकडे हात केला. “आणि हा खण खासगी आहे. लिहून घ्या.”

झेंडावंदनाच्या सतरा मिनिटांत भाऊसाहेबांच्या भाषणाची पाच मिनिटं धरलेली असत, ती सव्वीस जानेवारीच्या पत्रिकेतून कमिटीने काढून टाकली होती. कार्यक्रम आठ बाराला संपणार होता. आठ बाराला मी माइक खाली ठेवला नाही. खिशातून तो कागद काढला आणि वाचायला लागलो. चाल मला माहीत नाही आणि माझा आवाज सूचना वाचायचा आहे. ‘पानी’ होतं तिथे मी पानीच म्हटलं. चेअरमन दोनदा जवळ येऊन हळूच म्हणाले, “सेक्रेटरी, हे काय? हे पत्रिकेत नाही.” मुलं बिस्किटांकडे बघत होती. चौथ्या कडव्याला कोणाचा तरी मोबाइल वाजला. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेवट झाल्यावर टाळ्या पडल्या त्या कशाला हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

“सातव्या कडव्यात एक ओळ खाल्लीत,” काकू जाता जाता म्हणाल्या.

घरी येऊन मी नोंदवही उघडली. हिरवं पेन समोर होतं, ते तसंच राहू दिलं. माझ्या साध्या निळ्या पेनाने लिहिलं, ‘समाप्ती आठ सतरा. शेवटच्या पाच मिनिटांसाठी पूर्वपरवानगी घेतलेली नाही.’